पुसा ते कर्नाल: डुकराच्या आनुवंशिकीची वाट

दिल्ली आणि तिच्याभोवतीचे राष्ट्रीय राजधानी क्षेत्र हा गहू, भात, ऊस आणि मुऱ्हा म्हशीचा मुलूख आहे, डुकरांचा नव्हे. 2019 च्या विसाव्या पशुगणनेत देशभर सुमारे 90 लाख 60 हजार डुकरे मोजली गेली. त्यांपैकी जवळपास 21 लाख एकट्या आसामात होती आणि त्यांत ईशान्येकडील इतर राज्ये, झारखंड, छत्तीसगड व पश्चिम बंगाल यांची भर घातली की देशातील बहुतेक डुकरांचा हिशेब लागतो. असे असूनही भारतीय डुकराच्या कोणत्या गटाला स्वतंत्र जात म्हणायचे, कोणत्या परदेशी नराशी त्याचा संकर करायचा आणि कोणाच्या पेशी पुढच्या पिढ्यांसाठी गोठवून ठेवायच्या, हे प्रश्न ज्या कागदांवर आणि ज्या प्रयोगशाळांत सुटतात त्यांतील महत्त्वाच्या जागा दिल्लीतील कृषी भवन व पुसा परिसर आणि तेथून उत्तरेला सुमारे सव्वाशे किलोमीटरवरचे कर्नाल येथे आहेत. कर्नाल जिल्हा 2015 मध्ये राजधानी क्षेत्रात घेण्यात आल्यामुळे हा सगळा प्रवास आता कागदोपत्री एकाच क्षेत्रातला ठरतो. प्राणी एकीकडे आणि त्याचे शास्त्र दुसरीकडे, ही विसंगती ध्यानात ठेवूनच या वाटेने जावे लागते.

वाटेची सुरुवात पुसा परिसरातून करणे सोयीचे. बिहारमधील पुसा गावी असलेली मूळ कृषी संशोधन संस्था 1934 च्या भूकंपात उद्ध्वस्त झाली, 1936 मध्ये ती दिल्लीस हलवण्यात आली आणि येताना गावाचे नावही घेऊन आली. रुंद रस्ते, जुनी झाडे आणि प्रायोगिक शेतांचे चौकोन यांमुळे हा भाग दिल्लीच्या गजबजाटात वेगळा उठून दिसतो. याच परिसरात लायब्ररी अव्हेन्यूवर भारतीय कृषी सांख्यिकी संशोधन संस्था आहे. पशुपैदाशीच्या अभ्यासकाने आधी गोठ्यात न जाता आकडेशास्त्राच्या इमारतीत का जावे, असे वाटणे साहजिक आहे. पण आनुवंशिकीचा जो भाग पशुपालकाच्या खरोखर उपयोगी पडतो तो सूक्ष्मदर्शकापेक्षा वजन-मापांच्या नोंदींवर अधिक उभा आहे. आणि त्या नोंदी वाचायच्या कशा, हे भारतीय कृषिसंशोधकांना ज्यांनी शिकवले त्यांत दोन मराठी नावे अग्रभागी आहेत.

सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे लंडनमध्ये सांख्यिकीचे उच्च शिक्षण घेऊन परतले आणि 1940 मध्ये कृषी संशोधन परिषदेच्या सांख्यिकी विभागात आले. 1951 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत जाईपर्यंत त्यांनी हा विभाग वाढवला. त्यांच्यानंतर धुरा आली ती विनायक गोविंद पानसे यांच्याकडे. पानसे यांचे मूळ काम इंदूरला कापसाच्या पैदाशीवर झाले होते. उंची, वजन, उत्पन्न यांसारखे जे गुण एखाद्या एकट्या जनुकावर अवलंबून नसतात, अनेक जनुके आणि परिस्थिती यांच्या संयोगातून घडतात, त्यांचा वारसा कसा मोजावा हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. अनेक गुणांची एकत्र गोळाबेरीज करून निवड कशी करावी, याची सांख्यिकी पद्धत कोंबड्यांना लावून दाखवणारा त्यांचा शोधनिबंध 1946 चा आहे. पानसे आणि सुखात्मे यांनी मिळून लिहिलेले ‘स्टॅटिस्टिकल मेथड्स फॉर ॲग्रिकल्चरल वर्कर्स’ हे पुस्तक परिषदेने 1954 मध्ये प्रकाशित केले आणि त्यानंतर कृषी व पशुवैद्यक महाविद्यालयांतून विद्यार्थ्यांच्या पिढ्या त्यावर शिकल्या. सुखात्मे यांचे नाव मराठी वाचकाला आहारशास्त्रातील वादांमुळे तरी ठाऊक असते. पानसे यांची महाराष्ट्राला जवळजवळ विस्मृती झाली आहे, आणि ती योग्य नव्हे.

अनेक गुणांच्या अशा एकत्रित निवडीला निवड-निर्देशांक म्हणतात, आणि पशुपैदाशीतील त्याचा पाया घातला गेला तो डुकरांच्याच आकड्यांवर. अमेरिकेतील आयोवा येथे पशुपैदासतज्ज्ञ जे लश यांच्या परंपरेत काम करणाऱ्या लेनॉय हेझल यांनी 1943 मध्ये त्याचे गणित मांडले. डुकरीण एका वेतात किती पिल्ले देते, पिल्लू किती दिवसांत विक्रीच्या वजनाला येते, पाठीवरील चरबीचा थर किती जाड आहे, अशा प्रत्येक गुणाला बाजारात मोल असते, पण प्रत्येक गुण सारख्या प्रमाणात पुढच्या पिढीत उतरत नाही. एखाद्या कळपातील जनावरांमध्ये जो फरक दिसतो त्यातला किती वाटा वारशातून आलेला आहे, या प्रमाणाला आनुवंशिकता-अंक म्हणतात. पाठीच्या चरबीसाठी तो साधारण 0.4 ते 0.5 येतो, वाढीच्या वेगासाठी 0.3 च्या आसपास आणि वेतातील पिल्लांच्या संख्येसाठी जेमतेम 0.1. याचा व्यवहारातील अर्थ असा की कमी चरबीच्या नरमाद्या निवडत गेल्यास काही पिढ्यांतच फरक दिसू लागतो, परंतु बारा पिल्ले देणारी डुकरीण पाहून तिची मुलगीही बारा देईल अशी आशा धरली तर बहुधा निराशाच पदरी पडते. त्या बाबतीत चारा, निवारा, व्यायल्यानंतरचे पहिले काही दिवस आणि पाळणाऱ्याची काळजी यांचा वाटा फार मोठा असतो.

येथे महाराष्ट्रातील एका कामाची तुलना उद्बोधक ठरते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. चंदा निंबकर यांनी सुंदरबनातील गारोळ मेंढीमधील जुळ्यांना कारणीभूत ठरणारे एक जनुक दख्खनी मेंढीत आणले आणि त्यातून ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी तयार झाली. तेथे एकाच जनुकाचा प्रभाव इतका मोठा होता की ते आले की नाही हे तपासून निवड करता आली. डुकराच्या वेतावर असा एकहाती अंमल गाजवणारे जनुक सापडलेले नाही. अनेक जनुकांचा थोडाथोडा हातभार एकत्र येऊन तो गुण घडतो, म्हणूनच डुकराच्या पैदाशीत सांख्यिकीला पर्याय उरत नाही.

पुशाहून कृषी भवनाकडे आले की शास्त्राची भाषा बदलून धोरणाची होते. भारतीय कृषी संशोधन परिषदेचे मुख्यालय येथे आहे. लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शाही कृषी आयोगाच्या शिफारशीवरून ही परिषद 1929 मध्ये स्थापन झाली होती. डुकरांकडे सरकारचे लक्ष मात्र बरेच उशिरा, दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या अखेरीस गेले. अलीगड, पश्चिम बंगालमधील हरिणघाटा, आंध्रातील गन्नवरम आणि मुंबईचे बोरीवली अशा ठिकाणी बेकन कारखाने म्हणजे डुकराचे मांस खारवून-धुरावून टिकवणारे कारखाने उभे राहिले, त्यांना माल पुरवण्यासाठी पैदास केंद्रे आली आणि केंद्रांसाठी परदेशांतून लार्ज व्हाइट यॉर्कशायर, लँडरेस, हॅम्पशायर यांसारख्या जातींची जनावरे आणण्यात आली. पुढे 1970-71 मध्ये परिषदेने डुकरांसाठी अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प सुरू केला. देशी मादी आणि परदेशी नर यांचा संकर, मग त्या संकरित पिल्लात परदेशी रक्त निम्मे ठेवायचे की पाऊण, याची तुलना हा त्याचा गाभा होता. दोन दूरच्या जातींच्या संकरातून जन्मलेले पिल्लू आईबापांच्या सरासरीपेक्षा सरस निघते, या परिणामाला संकरओज म्हणतात. तो पहिल्या पिढीत सर्वाधिक असतो आणि संकरितांचा आपसात मेळ घातला की पुढे घटतो. पाऊण परदेशी रक्ताचे डुक्कर पोटभर चांगले खाद्य मिळाल्यास झपाट्याने वाढते, पण घरचे उष्टे, भाताचा कोंडा आणि शिजवलेली अळूची पाने यांवर जगणाऱ्या परसातील कळपात त्याची मिजास परवडत नाही. या अनुभवातूनच रांची येथे टॅमवर्थ आणि देशी यांच्या संकरातून ‘झारसुक’, बरेलीजवळच्या इज्जतनगरला लँडरेस आणि घुर्रा यांच्यापासून ‘लँडली’ आणि गुवाहाटीजवळच्या राणी येथील राष्ट्रीय वराह संशोधन केंद्रात हॅम्पशायर व घुंगरू यांच्यापासून ‘राणी’ हे वाण तयार झाले.

या सगळ्या संकरांचा देशी बाजूने विचार केला की एक उणीव ठळक दिसते. परदेशी जातीला नाव होते, वंशावळीच्या वह्या होत्या, किंमत होती. देशी बाजूला मात्र बहुतेक ठिकाणी ‘स्थानिक’ एवढाच शेरा होता. कोणत्या स्थानिक डुकराचा संकर झाला, त्याचे वैशिष्ट्य काय, ते किती उरले आहे, याची नोंद नसताना अर्धे रक्त बदलून टाकण्याचा हा उद्योग चालला होता. उत्तर प्रदेशात 2012 ते 2019 या दोन गणनांच्या दरम्यान डुकरांची संख्या सुमारे 13 लाखांवरून 4 लाखांवर आली, तेव्हा या गहाळ नोंदींची किंमत ध्यानात येण्यासारखी होती. ती उणीव भरून काढण्याचे काम कर्नालला चालते, आणि म्हणून वाट तिकडे वळते.

दिल्लीहून उत्तरेला जाणारा जुना ग्रँड ट्रंक रस्ता, आताचा राष्ट्रीय महामार्ग 44, सिंघू, कुंडली, राई असे कारखान्यांचे आणि गोदामांचे पट्टे ओलांडून मुरथलला येतो. पराठा आणि त्यावर पांढऱ्या लोण्याचा गोळा यांसाठी येथील ढाबे प्रसिद्ध आहेत, आणि ते लोणी कुठून येते याचे उत्तर रस्त्याच्या पश्चिमेस आहे. रोहतक, झज्जर, जिंद हा सगळा टापू मुऱ्हा म्हशीचे माहेर. वळलेली शिंगे, काळीभोर कातडी आणि बादलीभर दूध यांच्या जोरावर ही म्हैस देशभर पोहोचली. दुधाळ जनावराला येथे घराण्याचा मान असतो, त्याच्या आईचे आणि आजीचे दूध किती होते ते लोक तोंडपाठ सांगतात. डुक्कर पाळणारी कुटुंबे मात्र गावाच्या कडेला राहतात, त्यांचा धंदा जातीच्या उतरंडीशी जखडलेला आहे आणि त्यांच्या जनावरांची वंशावळ कोणी विचारत नाही. पशुशास्त्रात कोणत्या प्राण्यावर किती पैसा आणि किती हुशार विद्यार्थी खर्ची पडले, याचा उलगडा या सामाजिक भूगोलाकडे दुर्लक्ष करून होत नाही.

पानिपत आले की मराठी प्रवाशाला थांबणे भाग असते. 14 जानेवारी 1761 च्या लढाईचे स्मारक असलेला काला आंब शहराबाहेर आहे, आणि त्याआधी ऑक्टोबर 1760 मध्ये मराठ्यांनी जिंकलेले कुंजपुरा पुढे कर्नाल जिल्ह्यात यमुनेकाठी आहे. या मोहिमेत उतरलेले घोडदळ ज्या दख्खनी घोड्यांवर अवलंबून होते त्यांतील भीमथडी तट्टांचा यमुनेसह उल्लेख महाराष्ट्राने 2023 मध्ये स्वीकारलेल्या राज्यगीतात येतो; पुणे, सोलापूर, सातारा, अहिल्यानगर या भागांतील धनगर आजही जे काटक घोडे वापरतात त्यांना ‘भीमथडी’ या नावाने स्वतंत्र जातीची मान्यता मिळाली ती जानेवारी 2024 मध्ये, आणि तिची नोंद झाली याच रस्त्यावरच्या कर्नालला. इतिहासाचे असे योगायोग फार ताणू नयेत, पण नजरेआडही करू नयेत.

घरौंड्याच्या मुघलकालीन सराईचे उरलेले दरवाजे मागे टाकून रस्ता कर्नालला पोहोचतो. गहू संशोधन, क्षारपड जमिनींचे संशोधन आणि दुग्ध संशोधन अशा केंद्रीय संस्था येथे एकमेकींच्या जवळपास वसल्या आहेत. त्यांत थोरली राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्था. तिचा आरंभ 1923 मध्ये बंगळूरला झाला, 1927 मध्ये प्रकृती सावरण्यासाठी त्या शहरात राहिलेल्या गांधीजींनी तेथील गोपालनाचे धडे घेतले आणि 1955 मध्ये मुख्यालय कर्नालला आले. 2009 मध्ये या संस्थेने म्हशीचे क्लोन जन्माला घातले. क्लोन म्हणजे शरीरातील साध्या पेशीचे केंद्रक रिकाम्या केलेल्या अंडपेशीत बसवून घडवलेला, मूळ प्राण्याशी आनुवंशिकदृष्ट्या समान असा जीव. फेब्रुवारीत जन्मलेली पहिली पारडी काही दिवसांतच दगावली. जूनमध्ये जन्मलेली ‘गरिमा’ दोन वर्षे जगली, आणि ऑगस्ट 2010 मध्ये जन्मलेली दुसरी गरिमा पुढे नैसर्गिकरीत्या व्याली. हे तंत्र येथे दुभत्या जनावरांसाठी विकसित झाले असले तरी त्याचा एक धागा डुकरापर्यंत कसा जातो ते पुढे येईल.

बायपासवरची राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरो ही संस्था आकाराने लहान. तिची स्थापना 1984 मध्ये बंगळूरला झाली आणि पुढच्याच वर्षी ती कर्नालला आली. देशातील पाळीव प्राण्यांच्या जाती ओळखणे, त्यांची शास्त्रीय नोंद करणे आणि त्या टिकवणे हे तिचे काम. नोंदणीची पद्धत वरवर पाहता कचेरीतील कामासारखी रटाळ आहे, परंतु तिच्यात बरेच शहाणपण आहे. राज्याचे पशुसंवर्धन खाते, विद्यापीठ किंवा पाळणाऱ्यांची संघटना यांनी अर्ज करायचा. त्यात त्या जनावराचा मूळ टापू, अंदाजे संख्या, रंग, कान, शेपटी, मुस्कट यांचे वर्णन, शरीराची मापे, उत्पादनाचे आकडे आणि छायाचित्रे द्यायची. हे सगळे गुण पिढ्यान्‌पिढ्या कायम राहतात आणि शेजारच्या जातीपासून ही जात वेगळी आहे, हे दाखवायचे. अर्जाची छाननी होऊन परिषदेची समिती निर्णय देते आणि जातीला कायमचा नोंदणी क्रमांक मिळतो. 2019 पासून अशा जाती राजपत्रातही अधिसूचित होतात. डुकरांच्या क्रमांकाच्या शेवटी 09 हा प्रजातीचा आकडा आणि मग अनुक्रम येतो. 001 ही दार्जिलिंगच्या पायथ्याकडील घुंगरू, चपट्या मुस्कटाची आणि देशी जातींत अधिक पिल्ले देणारी. 002 मेघालयाची नियांग मेघा. आणि 003 गोव्याची आगोंद गोवन.

तिसऱ्या क्रमांकावर रेंगाळायला हवे. काणकोण तालुक्यातील आगोंद या किनाऱ्यावरच्या गावाचे नाव मिळालेले हे काळ्या रंगाचे, आटोपशीर बांध्याचे डुक्कर गोव्यातील परसांत वाढते आणि उत्सव-लग्नांतील सोरपोतेल, चोरीस यांसारख्या पदार्थांशी त्याचा जुना संबंध आहे. जुन्या गोव्यातील किनारी कृषी संशोधन संस्थेने त्याच्या अभ्यासाबरोबरच लार्ज व्हाइट यॉर्कशायरशी त्याचा संकर करण्याचेही काम केले. एकाच संस्थेने जात जपायची आणि तिचा संकरही करायचा, हे परस्परविरोधी वाटते. व्यवहारात ते तसे नाही, कारण पहिल्या पिढीचा संकरओज हवा असेल तर शुद्ध देशी माद्यांचा कळप सतत लागतो, आणि तो कळप संपला की संकराचे दुकानही बंद होते. जातीच्या संवर्धनाचे याहून रोखठोक कारण शोधावे लागत नाही. जानेवारी 2024 पर्यंत नोंदलेल्या डुकरांच्या जाती चौदा झाल्या: नागालँडची तेन्यी व्हो, निकोबारी, आसामची डूम, कपाळावर पांढरा ठिपका मिरवणारी मिझोरामची झोवाक, उत्तर प्रदेशची घुर्रा, त्रिपुराची माली, पूर्णिया, झारखंडची बांडा, काळी मणिपुरी, मेघालयातील गारो टेकड्यांची वाक चंबिल आणि अंदमानी या उरलेल्या.

बाह्य वर्णनापुढचे काम प्रयोगशाळेत चालते. रक्ताच्या थेंबातून किंवा कानाच्या कातडीच्या तुकड्यातून डीएनए वेगळा करून त्यातील ठरावीक जागा तपासल्या जातात. या जागांना चिन्हक म्हणतात. एका जातीत एखाद्या जागी जे रूप वारंवार आढळते ते दुसऱ्या जातीत विरळ असते, आणि अशा अनेक जागांचा एकत्र विचार केला की दोन कळपांमधील अंतर आणि एका कळपातील विविधता या दोन्ही गोष्टी मोजता येतात. डुकराला 38 गुणसूत्रे असतात. त्याच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचन 2012 मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यासाठी वापरलेली मादी ड्युरॉक जातीची होती. त्या वाचनातून असे दिसले की युरोपातील आणि आशियातील रानडुकरे सुमारे दहा लाख वर्षांपूर्वी वेगळी झाली, म्हणजे माणसाने डुक्कर पाळण्याच्या कितीतरी आधी. 2005 मध्ये ग्रेगर लार्सन व सहकाऱ्यांनी जगभरच्या रानडुकरांचा मातृवंशीय डीएनए, म्हणजे केवळ आईकडून पिल्लाला मिळणारा, तपासून डुक्कर एकाच ठिकाणी नव्हे, अनेक ठिकाणी माणसाळवले गेले असे दाखवले, आणि त्या संभाव्य ठिकाणांत उत्तर भारताचाही समावेश केला. गल्लीत कचरा हुडकणाऱ्या काळ्या डुकराकडे तुच्छतेने पाहणाऱ्या शहराला ही माहिती पचायला जड जाईल. आणखी एक गंमत अशी की अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडमध्ये चिनी डुकरे नेऊन तेथील जाती सुधारल्या गेल्या. म्हणून विसाव्या शतकात देशी डुक्कर ‘सुधारण्यासाठी’ भारतात आलेल्या लार्ज व्हाइटच्या अंगात आशियाई रक्त आधीपासूनच होते.

परदेशी जातींबरोबर त्यांचे दोषही येऊ शकतात, आणि त्यांचा शोध हा डुकराच्या आनुवंशिकीतील सर्वांत गाजलेला अध्याय आहे. लँडरेस आणि पिएत्रें यांसारख्या मांसल जातींमध्ये काही जनावरे वाहतुकीत किंवा कत्तलीपूर्वी घाबरली की ताठ होऊन मरत, आणि त्यांचे मांस फिके, मऊ व पाणी सुटणारे निघे. पिल्लांना हॅलोथेन या भूल देणाऱ्या वायूचा वास देऊन, जी ताठरतील ती दोषी, अशी चाचणी पूर्वी घेत असत. 1991 मध्ये कॅनडातील शास्त्रज्ञांनी स्नायूंतील कॅल्शियमचा मार्ग नियंत्रित करणाऱ्या जनुकातील एका अक्षराचा बदल या दोषाच्या मुळाशी असल्याचे सिद्ध केले. त्यानंतर रक्ताच्या थेंबावरून दोषाचे वाहक ओळखणे शक्य झाले आणि अनेक देशांनी तो आपल्या कळपांतून काढून टाकला. जादा मांसासाठी डोळे झाकून निवड केली की त्याच जनुकाबरोबर अशक्तपणाही निवडला जातो, हे या प्रकरणातून पैदासकार शिकले.

ब्यूरोच्या जनुकपेढीत द्रवरूप नायट्रोजनच्या टाक्यांमध्ये उणे 196 अंश सेल्सिअसला वळू-रेड्यांचे रेत साठवलेले असते. वळूच्या रेताची 0.25 मिलीलिटरची कांडी, तिच्यात साधारण दोन कोटी शुक्रपेशी, वितळवली की गाय गाभण राहते. डुकराचे रेत या बाबतीत हट्टी आहे. त्याच्या शुक्रपेशीच्या पटलात कोलेस्टेरॉलचे प्रमाण कमी असल्यामुळे थंडीने पटल फाटते. म्हणून जगभर डुकरांचे कृत्रिम रेतन बहुतांशी ताज्या, द्रवरूप रेताने होते, जे सुमारे 17 अंशांवर काही दिवसच टिकते, आणि एका मात्रेला दोन ते तीन अब्ज शुक्रपेशी लागतात. परिणामी डुकराची जात केवळ गोठवलेल्या रेताच्या भरवशावर वाचवता येत नाही. दुसरा उपाय म्हणजे कानाच्या कातडीतील पेशी वाढवून गोठवणे. त्या गोठवणे सोपे असते, आणि गरज पडली तर क्लोन तंत्राने त्यांतून प्राणी उभा करण्याची शक्यता राहते. दुग्ध संस्थेतील म्हशीच्या क्लोनशी जुळणारा धागा तो हाच. शक्यता आणि सोय यांत मात्र पुष्कळ अंतर आहे. जिवंत कळपाइतकी स्वस्त आणि भरवशाची जनुकपेढी दुसरी नाही.

त्या जिवंत कळपांवरच 2020 मध्ये घाला आला. आफ्रिकी स्वाइन फीव्हर हा विषाणुजन्य आजार त्या वर्षी आसाम आणि अरुणाचल प्रदेशात प्रथम आढळला. तो माणसाला होत नाही, पण डुकरांमध्ये मृत्यूचे प्रमाण शंभर टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, आणि लागण झालेल्या टापूतील उरलेली डुकरेही मारावी लागतात. नोंदलेल्या चौदांपैकी निम्म्या जातींचे घर ईशान्येत असल्याने एका साथीत एखादी जात संपण्याची धास्ती कल्पनेतील राहिलेली नाही. आफ्रिकेतील वॉर्टहॉग या रानडुकरासारख्या प्राण्याला हा विषाणू आजारी पाडत नाही, म्हणून एडिनबर्गच्या रॉझलिन संस्थेने त्याच्याकडील एका जनुकाची रूपे पाळीव डुकरात आणून पाहिली. डुकरे तरीही आजारी पडली. जनुकसंपादनाचे दुसरे उदाहरण अधिक यशस्वी ठरले: श्वसन व प्रजनन बिघडवणाऱ्या पीआरआरएस या आजाराचा विषाणू पेशीत शिरताना ज्या प्रथिनाचा आधार घेतो ते बदललेली डुकरे अमेरिकेत या आजाराला दाद देत नाहीत. हाच आजार 2013 मध्ये मिझोराममध्ये येऊन गेला आहे. तरीही भारतातील परसबागेच्या डुकराला आज संपादित जनुकापेक्षा स्वच्छ निवारा, बाहेरून आलेल्या जनावराला काही काळ वेगळे ठेवण्याची शिस्त, उष्टे उकळून घालण्याची सवय आणि कळप मारावा लागल्यास वेळेवर भरपाई यांची गरज जास्त आहे.

कर्नालच्या कामाचे मोल ठरवताना दोन्ही बाजू पाहाव्यात. नोंदणी क्रमांकामुळे डूम किंवा झोवाक यांचा नर संकरासाठी देताना त्याचे नाव लिहावे लागते, राज्याला त्या जातीसाठी निधी मागता येतो, आणि पाळणाऱ्या माणसाच्या ज्ञानाला निदान कागदावर जागा मिळते. हे थोडे नव्हे. पण 2019 च्या गणनेत देशातील सुमारे चार पंचमांश डुकरे देशी होती आणि त्यांतील फार मोठा भाग अजून कोणत्याही नावाखाली येत नाही. महाराष्ट्राच्या खिल्लार, देवणी, डांगी, गवळाऊ या गाईबैलांना, पंढरपुरी आणि नागपुरी म्हशींना, उस्मानाबादी व संगमनेरी शेळ्यांना मान्यता आहे, आणि विदर्भातील कठाणी गाय व पूर्णाथडी म्हैस यांची त्यांत अलीकडे भर पडली. जानेवारी 2024 पर्यंतच्या यादीत महाराष्ट्रातील एकाही डुकराचे नाव नाही. वडार, कैकाडी आणि इतर समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या कळपांची मापे घेणे, त्यांचा डीएनए तपासणे आणि त्यात शेजारच्या राज्यांहून वेगळे काही आहे की नाही हे ठरवणे, हे काम नागपूरच्या पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाने आणि राज्याच्या पशुसंवर्धन विभागाने हाती घ्यावे, आणि त्यात ते कळप राखणाऱ्यांना सुरुवातीपासून सोबत घ्यावे. नोंदणीच्या अर्जाचा नमुना कर्नालच्या ब्यूरोकडे मिळतो.